शेवटची दहा मिनिटं

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठतात आणि घर सोडायची वेळ आली की कळतं, अरेच्चा, एवढं होतं! आमच्या भोईवाड्याच्या चाळीचे माझ्याकडे ढीगभर आहेत. हे त्यातले गायकवाडकाकांच्या खोलीतले. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की काका, शालूकाकू, शेजारचा सुनील आणि मी मिळून एक अमेरिकन क्राइम सिरीज बघायचो. आठवड्याला एकच एपिसोड, हा काकांचा नियम.

*

काकांचा जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेला. पहिल्याच एपिसोडमध्ये डिटेक्टिव्ह बाईंनी खुनाच्या जागेवरून पिस्तूल उचललं आणि काकांनी कपाळावर हात मारला.

"पंच कुठायत? पंचनामा नाय, काय नाय. सुटणार बघ हा."

"काका, तिकडे पंच नसतात," सुनील म्हणाला.

"म्हणून तर एवढे खून होतात."

सहाव्या एपिसोडमध्ये तो पिस्तूलवाला आरोपी खरंच सुटला. पुढचे दोन दिवस काका चाळीत ताठ मानेने फिरत होते.

*

शालूकाकूंना इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून त्यांना मराठीत सांगायचे. पण खुनी आमच्याआधी त्याच ओळखायच्या.

"तो धाकटा भाऊ. एवढं ताट वाढलंय समोर आणि नुसता चमचा फिरवतोय. घास उतरेल कसा?"

डिटेक्टिव्ह बाईंची मात्र त्यांना काळजी. "उभ्या उभ्या पाव खाते गं. घरी विचारणारं कोणी नाय का हिला?"

माझी आई गेल्यावर माझंही तसंच चाललं होतं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून काकूंकडून मला डबा यायला लागला. त्यातल्या सुकटीच्या चटणीची चव अजून जिभेवर आहे.

*

एकदा सुनीलने ऑफिसात पुढचा एपिसोड गुपचूप बघून टाकला. रविवारी गोळी सुटायच्या आधीच त्याने कानांवर हात ठेवले आणि तिथेच पकडला गेला.

काकांनी टीव्ही थांबवला. "ज्याला माहिती आहे तो साक्षीदार. साक्षीदाराने बाहेर थांबायचं, नाव पुकारेपर्यंत."

पाऊण तास सुनील गॅलरीत स्टुलावर बसून होता. काकूंनी खिडकीतून त्याच्या हातावर दोन भजी ठेवली, तर काका आतून म्हणाले, "साक्षीदार फोडू नकोस."

*

सीझनचा शेवटचा एपिसोड आम्ही अजून पूर्ण बघितलेला नाही. दोन वर्षं होतील.

चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. सोमवारी खोल्या रिकाम्या करायच्या. सुनील वडाळ्याला, मी अँटॉप हिलला आणि काका-काकू मुलाकडे बदलापूरला. नवी इमारत चार वर्षांत, असं बिल्डरचं म्हणणं. काकांना तेव्हा शहात्तरावं लागलं होतं आणि छातीत दोन स्टेंट होत्या.

रविवारी सगळी खोली खोक्यांत गेली होती. टीव्ही तेवढा राहिला होता. आम्ही खोक्यांवरच बसलो. डिटेक्टिव्ह बाई एका बंद दारासमोर उभ्या राहिल्या, बेलवर बोट ठेवलं, आणि काकांनी टीव्ही बंद केला.

"काका, दहाच मिनिटं राहिलीत," सुनील म्हणाला.

"माहिती आहे." काका उठून उभे राहिले. "प्रकरण तहकूब. पुढची तारीख नव्या इमारतीत. सगळे पक्षकार हजर असल्याशिवाय सुनावणी नाय."

मी सुनीलकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

शालूकाकू टीव्हीची वायर गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही हजर राहा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि काकांच्या हातातला रिमोट घेऊन भांड्यांच्या खोक्यात ठेवला.