मेमोमामांनी निवडलेला टीव्ही

मिक्सर दुरुस्त करण्याआधी घरच्या बाईची सही घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा होता. पाठकोऱ्या कागदावर आधी लिहायचं, 'मिक्सर कामासाठी बंद केला', वेळ टाकायची, खाली आईची सही घ्यायची आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा. काम झालं, मिक्सर दोनदा फिरवून पाहिला, की दुसरा कागद निघायचा, 'तपासून चालू करून दिला.' पुन्हा सही. मग चहा. हा क्रम कधी चुकला नाही. आम्ही भाचरंडं त्यांना मेमोमामा म्हणायचो, आणि हे त्यांना माहीतही होतं.

मामा दौंडला रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. रूळ बदलणाऱ्या यंत्राला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला मेमो द्यायचा, त्याची सही घ्यायची, आणि काम संपल्यावर दुसरा मेमो देऊन ते यंत्र परत त्याच्या ताब्यात द्यायचं, अशी त्यांची रीत. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, रीत सुटली नाही. आम्ही हसलो की ते मुळीच चिडायचे नाहीत. "हसायला काय जातंय तुमचं? मी पॉइंट खोलून बसलोय आन् मधीच कुणी येऊन जोडला, तर गाडी कुणीकडं जाईल? माझी दुसरी सही होईस्तवर तितं देवानं बी हात घालायचा न्हाई."

शिरूरला आमच्या घरात पंखा असो, फ्रिज असो की पाण्याची मोटर, मामांनी पाहिल्याशिवाय काही यायचं नाही. दुकानात गेले की वस्तूच्या पुढच्या बाजूकडे ते ढुंकूनही बघत नसत. "पुढनं समदीच देखणी असत्यात. पाठ दाखव," असं ते दुकानदाराला सांगत. माझ्या लग्नात सासरकडच्यांनी दिलेल्या टेबलफॅनचीही त्यांनी भर मांडवात पाठ पाहिली होती. यांच्या काकांना तो अपमान वाटला, पण तो फॅन आजही चालतो.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून मामांचा रविवार आमचा झाला. आईची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलायचा प्रयत्न केला की नुसता श्वास बाहेर यायचा. तिला कळत सगळं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. दर रविवारी मामा दौंडहून एसटीनं यायचे, तिच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि बोलायचे. रेल्वे कॉलनीत कुणाकडे पाळणा हलला, कुणाची बदली झाली, कुठला क्वार्टर पाडला. दोघं भावंडं त्या कॉलनीतच वाढलेली. माझे आजोबा लोको शेडमध्ये होते. शनिवारी संध्याकाळपासूनच आई शहाण्या मुलीसारखी वेणी घालून घ्यायची आणि रविवारी सकाळी तिची नजर दाराला चिकटलेली असायची. तिच्या आठवड्यात तेवढा एकच दिवस होता. बाकीचे सहा ती नुसते ढकलत होती.

आमचा जुना टीव्ही बंद पडला तेव्हा मामांनाच घेऊन मी दुकानात गेले. त्यांनी रीतसर दोन-चार टीव्हींच्या पाठी तपासल्या, तळहात ठेवून तापतात का ते पाहिलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग ते सर्वांत मोठ्या टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्योच घ्यायचा."

"मामा, आपली खोली केवढी, हा टीव्ही केवढा!"

"मोठाच घे मंगल. आक्काला नीट दिसंल."

आईचे डोळे ठणठणीत होते. मला वाटलं, मामांना म्हातारपणी भपका सुचतोय. त्यात सेल्समननं इंटरनेटचं काढलं. बिनतारी गोष्टींवर मामांचा मुळात विश्वास नव्हता, पण त्यानं सहज विचारलं, "काका, काय लावू? काय बघायचंय?" आणि मामा म्हणाले, "दौंड." कुणा हौशी माणसानं दौंड स्टेशनवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं चित्रण करून इंटरनेटवर टाकलेलं होतं. ते लागलं. मामा पुढे पुढे सरकत गेले, इतके की नाक काचेला लागायचं तेवढं बाकी राहिलं. सेल्समन हसून म्हणाला, "काका, जरा मागं व्हा." आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाद नको म्हणून तोच टीव्ही घेतला.

जोडणीला कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. मामा कसले थांबतात! मेमो लिहिला, आईच्या वतीनं मी सही केली, आणि त्यांनी टीव्ही टेबलावर बसवला. पाय घट्ट केले, वायरी जोडल्या. ते सगळं हातानं चाचपून अचूक केलं. मग आलं वाय-फाय. पडद्यावर अक्षरांचे चौकोन उमटले. रिमोटनं एकेका अक्षरावर जायचं आणि दाबायचं. वाय-फायच्या डब्याखालचा पासवर्ड मी वाचून दाखवत होते, मामा दाबत होते.

चुकला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. आईला उशा लावून बसवलेली. माझ्या पुढ्यात सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, गॅसवर कुकर. "मामा, आर म्हटलं मी, टी नाही." "व्हय व्हय, थांब." परत चुकला. पाचव्या वेळी मी उठले आणि त्यांच्या हातातून रिमोट ओढून घेतला.

"द्या इकडं! तुमच्यानं व्हायचं नाही हे. कशाला उगाच हट्ट धरून बसायचं?"

वर्गात पोरांवर खेकसते तोच आवाज होता तो. मला नंतर तो पुष्कळदा ऐकू आला.

दोन मिनिटांत जोडलं गेलं. चित्र आलं, झकास आलं. पण आई टीव्हीकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती. मामांच्या हातात दुसरा मेमो अर्धा लिहिलेला होता. त्यांनी त्याची घडी केली आणि खिशात ठेवली. "झालं न्हवं चालू? बेस झालं," म्हणाले. चहा घेतला नाही. आईच्या पायांवर हात ठेवून, "निगतो आक्का," म्हणून भिंतीला धरत बाहेर पडले. त्या माणसाचं काम मी मधेच हात घालून काढून घेतलं होतं. लहानपणापासून ऐकलेली एकच गोष्ट, आणि तीच मी विसरले.

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. फोनवर म्हणाले, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारी पाटसला कुणाचं तरी लग्न निघालं. मग नुसतंच, "बघतो." असे पाच रविवार गेले. आई वेणी घालून घेईनाशी झाली. टीव्ही लावला की तोंड भिंतीकडे करायची. भरवायला गेलं की दोन घासांवर ओठ मिटायची, आणि माझ्याकडे अशी बघायची की चमचा माझ्या हातात जड व्हायचा. मी मात्र मनातल्या मनात वकिली करत होते. खोटं काय बोलले मी? त्यांच्यानं होत नव्हतंच ना? शिक्षिकेला चूक दाखवायची सवय असते, कबूल करायची नसते. सहाव्या रविवारी आईनं सकाळचं दूधही थुंकून टाकलं, तेव्हा तिला यांच्यावर सोपवून मी दौंडची एसटी धरली.

दारात मामी भेटली. तिनं मला आत घेण्याऐवजी बाजूला ओढलं. "तुज्या मामाला दोन वर्सं झाली दिसंना. काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, गेलेलं परत येत न्हाई, हाय तेवढं जपा. एसटीचा बोर्ड दिसत न्हाई, इचारून चढत्यात. शिरूरला कळू द्यायचं न्हाई, अशी शपथ घातलीया मला."

मी तिथंच पायरीवर बसले. मोठा टीव्ही, काचेला टेकलेलं नाक, चाचपून जोडलेल्या वायरी, सगळं एकदम कळलं. त्या दुकानात त्यांना बहुधा शेवटचं म्हणून दौंड बघायचं होतं, आणि मला लोक काय म्हणतील ते पडलं होतं.

मामा मागच्या अंगणात लसूण सोलत बसले होते, बोटांच्या अंदाजानं. "मामा, माझं चुकलं," म्हणताना मला रडू फुटलं.

"तू खरं तेच बोललीस की. माज्यानं व्हत न्हाई आता." त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली. ती ताटाबाहेर पडली. "फकस्त आक्काम्होरं बोललीस, त्याचं लागलं. तिला बोलता येत न्हाई. त्यात मला दिसत न्हाई हे तिला कळलं, तर तिनं कुणाच्या जिवावर ऱ्हायचं?"

"तुम्ही आला नाहीत तर ती राहणारच नाही, मामा. जेवत नाहीये ती."

हे ऐकल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मामीला सदरा मागितला.

त्या दिवशी त्यांना घेऊन मी शिरूरला आले. खुर्ची ओढून मामा आईशेजारी बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. आई ओक्साबोक्शी रडली, बिनआवाजाची. मला काही सुचेना, म्हणून मी दौंडचं ते चित्रण लावलं. गाडीची शिट्टी झाली. सवयीनं मामांच्या तोंडून निघून गेलं, "काय दिसतंय, आक्का?" आईनं तोंड उघडलं. नुसता श्वास आला. जिला दिसत होतं तिला सांगता येत नव्हतं, आणि जो विचारत होता त्याला दिसत नव्हतं.  

मी दोघांच्या मधे स्टूल घेतलं. "मालगाडी आलीय, मामा."

"गाडी मला ऐकू येती गं. फलाटावर कोण उभंय, ते सांग."

मग मी सांगायला लागले. पहिल्यांदा भराभर, नंतर सावकाश. मामा सोडायचेच नाहीत. चहावाला कुठल्या बाजूला उभाय? पुलाखाली कोण झोपलंय का? बाईच्या हातात पिशवी हाय का पोरगं? ठाऊक नसलं की मी चित्र मागे घ्यायचे आणि पुन्हा बघायचे. पासवर्डची पंधरा अक्षरं ज्या बाईला धीरानं सांगता आली नव्हती, ती दर रविवारी दीड-दीड तास अनोळखी माणसांचे कपडे आणि चेहरे सांगत बसू लागली. यांना वाटायचं मी दमत असेन. मी दमत नव्हते. आई पुन्हा वेणी घालून घ्यायला लागली होती.

असं जेमतेम वर्षभर चाललं. गेल्या हिवाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. आईला मीच सांगितलं. ती रडली नाही. छताकडे बघत राहिली.

तेराव्यानंतरच्या रविवारी तिला बरं वाटावं म्हणून मी टीव्ही लावला, दौंडच लावलं, आणि शेजारी पेपर तपासायला बसले. आता ज्याला दिसत नाही असं घरात कुणी नव्हतं, म्हणून मी काही बोलत नव्हते. थोड्या वेळानं माझा पदर ओढला गेला. आईचा डावा हात होता. तिची नजर पडद्यावर नव्हती, माझ्या तोंडाकडे होती. मला आधी कळलं नाही. तिनं पुन्हा ओढला, जोरात.

मी पेन खाली ठेवलं.

"फलाटावर गर्दी नाहीये आज," मी म्हटलं. "एक म्हातारी ट्रंकेवर बसलीय, आई. हिरवं लुगडं आहे. शेजारी एक माणूस उभा आहे, हातात पाण्याची बाटली..."

आईनं डोळे मिटून घेतले आणि ती ऐकू लागली.