मिरचीचा ठसका आणि सातवीचा वर्ग

पालकांनी मागे उभं राहावं असं बाईंनी दोनदा सांगूनही मी शहाण्यासारखा लेकीच्या वर्गात, सातवीच्या बाकात बसलो आणि पोटापाशी अडकलो. लालबागमध्ये मिरच्या कांडायला लागल्या की मला ती सकाळ आठवते. महापालिकेच्या त्या शाळेचा पट घसरला होता, निकालही पडला होता. चाळीतली बरीच मुलं इंग्रजी शाळांत गेलेली, उरलेल्या निम्म्या वर्गाच्या घरी मराठी नव्हतंच. आज तपासणीत वाचन जमलं नाही तर वर्ग पार अँटॉप हिलच्या शाळेला जोडणार होते. एवढ्या लांब लेक एकटी कशी जाणार, हीच मला धास्ती होती. तपासणीच्या साहेबांनी नेमकी लेकीची मैत्रीण उठवली. घरी भोजपुरी बोलणारी, अभ्यासाला रोज आमच्याकडे येऊन माझ्या आईपाशी बसणारी. तिनं वाचायला घेतलं आणि खिडकीतून मिरचीचा खकाणा आत आला. ती ठसकली, थांबली. साहेबांनी पेन उघडलं. "वाच गो बाय," लेक पुटपुटली. मैत्रिणीनं डोळे पुसले आणि थेट माझ्या आईच्या मालवणी हेलात अख्खा धडा वाचला. साहेब हसले, "गाव कुठलं, कणकवली?" "नाय साहेब, छपरा, बिहार." वर्ग राहिला. आईच्या मालवणीनं वर्ग वाचवला, अशा घरी मी फुशारक्या मारायला लागलो, तर बायको म्हणाली, "मे महिन्यात ती पोर मुलुखाला जाईल, आणि तिथंच राहिली तर पट पुन्हा घसरेल. ती परत येईपर्यंत झोप लागणार आहे का तुम्हाला?"