शब्दांचे सोयरे

मुंबईहून परतताना नाना मास्तर तिकिटाच्या खिडकीवर कर्जतचं नाव कधी घेत नसत. "घाटाच्या पायथ्याचं द्या," म्हणत. "म्हणजे कर्जत म्हणा की, मास्तर!" असं खिडकीतला बाबू हसून म्हणे आणि नाना मुकाट्याने तिकीट घेत. 'क' त्यांच्या जिभेवर अडे. अडला की मान ताठ होई, डोळे मिटत, आणि समोरच्याला आपण कुठे पाहावं ते कळत नसे.

आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी मराठी. इतके इंग्रजी शब्द जवळ असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. 'करेज' अडला की ते 'व्हॅलर'वरून पुढे जात; ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. "लोक हौसेने शब्द जमवतात, मी अडचणीने जमवले," असं ते एकदा मला म्हणाले होते.

मॅट्रिकच्या मुलांना ते संध्याकाळी दहिवलीला आपल्या ओटीवर बोलावत. लढाईमुळे रॉकेल मिळत नसे, म्हणून उजेड असेल तोवरच शिकवणी चाले. शब्द एकटा आणायचा नाही. त्याचे सोयरे आणायचे आणि त्याचा वैरीही. "सोयरे आहेत रे, जुळे नव्हेत," ते म्हणत. "मुलीला 'स्लेंडर' म्हणा, चहा मिळेल. 'स्किनी' म्हणालात तर तिची आई झाडू घेऊन येईल." ज्याला वैरी सांगता येत नसे, त्याने ओटीच्या खांबाशी उजेड संपेपर्यंत उभं राहायचं.

बेचाळीस साली एका संध्याकाळी चौक गावाजवळ तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या. पोलिसांनी जी मुलं धरली, त्यांत आमच्या मॅट्रिकच्या वर्गातला काशिनाथ होता. त्याचा बाप धर्मा नानांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"मास्तर, त्या सांजेला पोरगं तुमच्याच वटीवर व्हतं. तुमी साहेबाला सांगा. आमचं कोन ऐकतंय?"

"सांगतो," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. धर्माला घेऊन आम्ही दोघे बैलगाडीतून खालापूरच्या कचेरीकडे निघालो. वाटेत नाना मला म्हणाले, "बाकी सगळं निभावेल हो. पण नावाला सोयरा नसतो."

कचेरीत इंग्रज प्रांतसाहेब बसला होता. नाना इंग्रजीत नीट बोलू लागले. माझा विद्यार्थी, म्हणाले. मग हा तरुण, हा मुलगा. साहेबाने टाक खाली ठेवला. "नाव सांगा. कोण होता तुमच्या घरी?"

नानांची मान ताठ झाली. डोळे मिटले. क, क, क. भिंतीशी उभा असलेला जमादार हसला. "खोटं हाय साहेब, म्हनून घशातनं निघंना."

मी नाव सांगायला उठलो. साहेबाने हात वर केला. "तुम्ही नाही. ते."

दाराबाहेर धर्मा उकिडवा बसला होता. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून तोंडात धरलं. नानांच्या कानशिलावरची शीर फुगली, घाम हनुवटीवरून टेबलावर पडला. आता ते खाली बसणार असं मला वाटलं. तेवढ्यात नाव बाहेर पडलं.

"काशिनाथ."

कोणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ते पुन्हा म्हटलं. पुन्हा अडत, पुन्हा पूर्ण.

"त्याच संध्याकाळचं इतकं पक्कं कसं आठवतं?" साहेबाने विचारलं.

"'रिलक्टंट'चा वैरी त्याला आला नाही. अंधार पडेपर्यंत मी त्याला खांबाशी उभा केला होता."

साहेबाने काशिनाथला कोठडीतून आणवलं. मुलगा आमच्याकडे बघू लागताच त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं. त्या संध्याकाळी काय झालं, असं साहेबाने विचारलं.

"उभा होतो, सर. 'रिलक्टंट'चा उलटा शब्द आला नाही म्हणून."

"आता येतो?"

"'विलिंग', सर."

साहेबाने टाक उचलला. सुटकेचा हुकूम लिहिला. दुपारी काशिनाथ आमच्याबरोबर त्याच गाडीतून घरी आला.

पुढे तो खोपोलीला नोकरीला लागला. यंदा नाना अंथरुणाला खिळले, तेव्हा तो सुट्टी घेऊन उशाशी बसून असे. 'बाळ' म्हणून भागलं असतं, 'अरे' म्हणूनही. पण पाणी हवं असलं तरी नाना त्याला पूर्ण नावानेच हाक मारत. कितीही वेळ लागो, आम्ही थांबत असू. मध्येच कोणी शब्द पुरवत नसे.

परवा पहाटे त्यांची मान पुन्हा तशी ताठ झाली. क, क. पुढचं आलंच नाही.

"आलो, नाना," काशिनाथ म्हणाला आणि त्याने त्यांचा हात हातात घेतला.