गुळात नवरा नको

दारू सुटली आणि आमचे मालक जास्तच झोकांड्या खायला लागले.

हसू नका. मी रोज तोंडाचा वास घेऊन बघायचे. चहाशिवाय कसलाच वास नाही!

(बोलतेय मी, टाईप करतेय नात.)

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. रहिमतपूरकडं आमचं गाव. मालक गुऱ्हाळावर गुळव्या. रस किती आटवायचा, काहील कधी उतरवायची, त्यांनीच ठरवायचं.

जन्मभर गूळ केला आणि जन्मभर ढोसली.

दारू सुटल्यावर एका संध्याकाळी मी विचारलं, "सकाळधरनं काय केलं?"

"लोणंदच्या बाजारात गेल्तो. तुला बांगड्या न्हाई का भरल्या?"

दिवसभर माझ्यासमोर खाटेवर पडून होते!

त्यांचा खोटं बोलतानाचा चेहरा मला पाठ. हा तसला नव्हता. त्यांच्या लेखी ते खरंच जाऊन आले होते.

"व्हय, लय झ्याक हायेत," मी म्हणाले. आणि चुलीपाशी जाऊन जाळ सारत बसले.

हंगाम लागला. गुऱ्हाळाचे पाटील दारात. (मालकांना सगळे बापू म्हणायचे.) "बापूंच्या हाताबिगर गूळ बसत न्हाई."

हात शाबूतच होता. रस आटला का बघायला पाण्यात टाकून गोळी धरली की अचूक.

पण पाय? आणि समोर उकळती काहील.

म्हणून मी मागं उभी. त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत.

"वहिनी, बापूंना दावं लावलं व्हय?" गडी हसायचे.

"लावलंय. तुमच्या गुळात नवरा नगं."

एक दिवस त्यांनी मळी काढायला रसात चुन्याची निवळी टाकली. जरा वेळानं पुन्हा टाकली.

"बापू, आत्ताच टाकली की!" एक गडी म्हणाला.

"मी? मी तर आत्ताच येतोय."

वळले, आणि काहिलीकडं तोल गेला. मी जीव खाऊन ओढलं. दोघंही चिपाडात आडवे.

मग कुणी हसलं नाही.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं दारू, त्यात जेवण नाही. मेंदूला व्हिटॅमिन मिळालं नाही, इजा झालीय. मुद्दाम खोटं बोलत नाहीत ते. आठवत नाही तिथं मेंदूच काहीतरी भरतो."

इंजेक्शनं दिली. पाय थोडे सावरले. आठवण सावरली नाही.

पुढं रोज सकाळी फेटा बांधून तयार. "गुऱ्हाळ पेटलं असंल. निघतो."

"आवं, आज बंद हाय."

रोज हेच. मी विहिरीवर गेले तरी माझा डोळा दाराकडं. ते निघून गेले तर?

गेले ते झोपेत, घरच्या खाटेवर. देवाकडं तेवढंच मागितलं होतं.

आज त्यांची तिथी.

मालक, जावा आता कुठं जायचं ते. मी धरत न्हाई.