शेवंताचा तपकिरी रंग

सकाळचा पहिला तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले आणि फोन वाजला. पलीकडे शेवंताचा धाकटा भाऊ सुरेश होता. "आक्का गेली, ताई," एवढंच तो म्हणाला. मी तशीच निघाले. बेळगावहून निपाणीला जाताना काकती मागे पडली, संकेश्वर आलं, रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. छातीच्या दुखण्यानं ती किती खंगली होती ते मी पाहिलं होतं. तरी शेवंता कांबळे नावाचं माणूस थांबू शकतं, हे मनाला पटत नव्हतं.

त्यांच्या गल्लीत पोचले तर चालायला जागा नव्हती. तंबाखूच्या वखारीतल्या बायका काम टाकून, अंगावरच्या धुळीसकट आल्या होत्या. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि तिरडी उचलायला पुरुष पुढे झाले, तेव्हा त्या बायकांतली सगळ्यात म्हातारी पारूमावशी आडवी आली. "सरका बाजूला. तिनं आमाला जगभर नेलं, आमी तिला मसणापतूर न्हेतो." आणि त्यांनी नेलं. खांदे बदलत, धापा टाकत, पण अर्ध्या वाटेत कुणा पुरुषाच्या हाती दिलं नाही.

शेवंता आणि मी पाचवीपासून एका वर्गात. मी शेतकरी मराठ्यांच्या घरातली, ती वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईची लेक. तिच्या दप्तराला, केसांना, डब्यातल्या भाकरीलाही तंबाखूचा वास यायचा. मुली नाकाला रुमाल लावायच्या. एका बाईंनी तर तिला शेवटच्या बाकावर खिडकीशी बसवलं, वारं लागावं म्हणून. त्या खिडकीतून गुलमोहर दिसायचा, म्हणून मीही हट्टानं तिच्या शेजारी जाऊन बसले, ती कायमचीच. ती वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची. डोंगर, नदी, नारळाची झाडं... आमच्या निपाणीत न दिसणारं सगळं. मी एकदा विचारलं, "तुझं घर का काढत न्हाईस गं?" तर म्हणाली, "घर विसरायला तर चित्र काढतो मी." आमच्याकडं बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात.

पुढे ती बेळगावात चित्रकला शिकली आणि निपाणीच्या एका शाळेत ड्रॉइंगची शिक्षिका झाली. नेमानं चित्रं काढत राहिली, नेमानं प्रदर्शनांना पाठवत राहिली. निसर्गचित्रं सुबक असायची. लोक "छान आहे" म्हणायचे आणि पुढच्या चित्राकडे जायचे. पंधरा-वीस वर्षं अशी गेली. तिची आई याच काळात खोकून खोकून गेली. त्यानंतर शेवंता वर्षभर ब्रशला शिवली नाही.

अशातच जांबोटीला चित्रकारांचं एक शिबिर भरलं. वेगवेगळ्या देशांतले कलावंत आले होते. स्थानिक चित्रकार म्हणून शेवंताला बोलावणं होतं आणि दुभाषी म्हणून मला, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. जंगलातली शाळा, रात्रंदिवस झिमझिम, दिवसाला दोनच बस आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा. दिवसभर जो तो आपापलं काम करायचा आणि संध्याकाळी सगळे चुलीभोवती जमायचे. तिथं रोज एकच चर्चा. तुम्हाला सुचतं कुठून, प्रेरणा काय, परंपरा काय... मी भाषांतर करून थकून जायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेवंता मला म्हणाली, "त्यांना माझं एक इचार. बारकं असताना तुमच्या घराला कसला वास यायचा?"

मी विचारलं. आधी सगळे हसले, मग एकेक जण सांगू लागला. पोलंडचा मारेक नावाचा दणकट माणूस कोळशाच्या भुकटीनं चित्रं काढायचा. तो म्हणाला, "ओल्या लोकरीचा आणि कोळशाच्या धुराचा. वडील खाणीतून यायचे, कोट चुलीपाशी वाळत घालायचे." जपानचा हारू मासेमारीची जुनी जाळी उसवून भिंतभर टांगायचा. त्याच्या घराला सुकट आणि डांबराचा वास होता. ब्राझीलची ल्युसिया पांढऱ्या चादरींवर पांढऱ्याच दोऱ्यानं चित्रं भरायची. ती म्हणाली, "साबणाचा. आई लोकांचे कपडे धुवायची. आमच्या अंगणात कायम परक्यांच्या चादरी वाळत असायच्या." मग तिनंच उलटं विचारलं, "आणि तुझ्या घराला?"

शेवंतानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "तंबाखूचा." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हा शब्द मान वर करून उच्चारताना पाहिलं. ल्युसियानं तिची चित्रं चाळली. दऱ्या, धबधबे, धुकं. म्हणाली, "मग यात तो कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी शेवंता सकाळच्या बसनं नाहीशी झाली. मला वाटलं, दुखावून गेली. संध्याकाळी परतीची बस हुकली म्हणून मधल्या फाट्यापासून चालत, चिखलानं माखून ती परत आली, तेव्हा तिच्या पाठीवर निपाणीच्या वखारीतली तंबाखूची रिकामी पोती होती आणि पिशवीत पानांचा चुरा, देठं, धूळ. तिनं ते सगळं वेगवेगळ्या भांड्यांत उकळलं. देठांचा फिकट पिवळा, पानांचा लालसर, धुळीचा जवळजवळ काळा... तपकिरी रंगाची एवढी घराणी असतात हे मला ठाऊक नव्हतं. पोतं जमिनीवर पसरून तिनं पहिला हात मारला आणि अख्खं शिबिर शिंकायला लागलं. मारेक शिंकता शिंकता टाळ्या वाजवत होता.

त्या दिवसापासून तिनं मागं वळून पाहिलं नाही. पोती एकाला एक शिवून तिनं खोलीच्या लांबीचा पट केला आणि त्यावर वखारीतल्या बायकांची रांग काढायला घेतली. माणसाच्या उंचीच्या, मांडी घालून तंबाखू चाळणाऱ्या, नाकातोंडाला फडकं बांधलेल्या. चेहऱ्याचे फक्त डोळे दिसायचे आणि ते डोळे ज्या त्या बाईचेच असायचे. सुट्टीदिवशी त्या तिच्या घरी येऊन बसायच्या. एकदा मी तिथं असताना पारूमावशी स्वतःच्या चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "डोळं झकास काडलंस. पर नाक कुटाय माजं?"

"नाकाला फडकं बांधलाईस की मावशी," शेवंता म्हणाली.

"मग फडक्यावर फुलं काड. माजं फडकं फुलाचं हाय. साधं बांधत न्हाय मी."

शेवंतानं फुलं काढली. मग प्रत्येकीनं आपापल्या फडक्याची नक्षी सांगितली आणि त्या करड्या-तपकिरी रांगेत ठिपके, वेलबुट्ट्या, चौकडे उमटले. तिथंच ते चित्र जिवंत झालं असं ती नेहमी म्हणायची.

बेळगावातल्या एका प्रदर्शनात मात्र आयोजकांनी तो पट सभागृहात लावू दिला नाही. "गोणपाट आहे, वास येतो," म्हणून व्हरांड्यात टांगला. माझा संताप झाला. शेवंता खुर्ची टाकून खांबाशी बसली होती. येणारा प्रत्येक जण आधी शिंकायचा, मग थांबायचा, मग जवळ जाऊन बघायचा. ती मला म्हणाली, "आजवर माझ्या चित्रापुढं कोण थांबलं न्हवतं गं. आता बघ." त्याच व्हरांड्यातल्या पटाचे फोटो ल्युसियापर्यंत गेले आणि तिच्या ओळखीनं वर्षभरात पोर्तुगालमधल्या लिस्बनहून आमंत्रण आलं. बंदरावरच्या एका जुन्या गोदामात जगभरच्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं.

तोवर शेवंताचं छातीचं दुखणं सुरू झालं होतं. डॉक्टर प्रवास नको म्हणाले. सुरेश तर रडकुंडीला आला. "आक्का, पट पाठव. तू नको जाऊस."

"आईनं अख्खा जलम वखारीत काढला," ती म्हणाली. "तिची लेक विमानात बसून वखारीला निघालीया, आन् तू नको म्हणतोस व्हय रं?"

मी सोबत गेले. समुद्राला लागून दगडी गोदाम, उंच कमानी आणि एका अख्ख्या भिंतीवर आमच्या निपाणीच्या बायका ओळीनं बसलेल्या. प्रदर्शनाची मांडणी करणारी तरुण बाई बोलता बोलता म्हणाली, की पूर्वी याच किनाऱ्यावरून जहाजं हिंदुस्थानाकडे जायची आणि तंबाखू तुमच्याकडे त्या जहाजांतूनच पोचली. मी ते मराठीत सांगितलं. शेवंतानं दोनदा विचारलं, "म्हंजे हितनं आलती?" मग भिंतीच्या दगडावर हात ठेवून ती इतकी मोठ्यानं हसली, की लोक वळून बघायला लागले. "सांग तिला. म्हणावं, घेऊन आलोय परत. पर आता हिशोब आमच्या बायकांच्या नजरंला नजर देऊन करायचा."

उद्घाटनाच्या गर्दीत एक वृद्ध पोर्तुगीज बाई बराच वेळ त्या पटासमोर उभी होती. तिनं गळ्यातला स्कार्फ सोडला, नाकातोंडावर बांधला आणि रांगेच्या शेवटी, चित्रातल्या पारूमावशीशेजारी जाऊन उभी राहिली. तरुणपणी ती तिथल्या सिगारेटच्या कारखान्यात कामाला होती, हे मागाहून कळलं. शेवंता तिच्यापाशी गेली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यांनी हात हातात घेऊन एकमेकींच्या नखांच्या कडांत तंबाखूचे डाग शोधले... मला भाषांतर करावं लागलं नाही.

तिथल्या संग्रहालयानं पट कायमचा ठेवून घ्यायची इच्छा दाखवली. शेवंता म्हणाली, "मी एकटी कोण सांगणार?" आणि तिनं वखारीत व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पाच-सहा डोकी एकदम आली.

"तितं आमाला कोण बघणार गं?" पारूमावशीनं विचारलं.

"रोज माणसं बघत्यात मावशी. लई लांबनं येऊन बघत्यात."

"मग ऱ्हाऊ दे तितंच. हितं आमी एकमेकीस्नी बघून कटाळलोय."

अट एकच घातली शेवंतानं. पटाखाली चित्रकार म्हणून नुसतं तिचं नाव नको, रांगेतल्या प्रत्येकीचं हवं, आणि ते मराठीतसुद्धा हवं. आज त्या भिंतीवर पितळी पाटी आहे आणि तिच्यावर देवनागरीत पारूबाईंचं नाव कोरलेलं आहे.

परत आल्यावर तिला जो काळ मिळाला तो तिनं आजारपणात घालवला, असं म्हणणं खोटं होईल. ती रविवारी सकाळी माडीवरच्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडायची, चहाचं मोठं पातेलं स्टोव्हवर चढवायची आणि ज्या बायका येतील त्यांच्या हातात ब्रश द्यायची. "मी तुमची चित्रं काडली, आता तुमी काडा," म्हणायची. श्वास पुरेनासा झाला तेव्हा खाटेवरून सूचना द्यायची, तेही बंद झालं तेव्हा नुसती बघत बसायची.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पुढच्या रविवारी मी सुरेशकडे गेले होते. खाली चहा घेताना वरून बोलण्याचा आवाज आला, म्हणून जिना चढून गेले. दार उघडं होतं, स्टोव्हवर पातेलं होतं. चार-पाच जणी जमिनीवर पोती पसरून बसल्या होत्या. खिडकीपाशी पारूमावशी पोत्यावर जवळजवळ आडवी होऊन ब्रश ओढत होती. लाटांसारखं काहीतरी, एकावर एक, पार कडेपर्यंत.

"काय काढताय मावशी?"

"समुद्र. शेवंता सांगत हुती तितला."

"तपकिरी समुद्र?"

"मी कुटं बघितलाय? माजा असाच हाय." मान वर न करता तिनं ब्रश वाटीत बुडवला. "सरक जरा, उजेड अडवतीयास."