उलटी अक्षरं

आमच्या चुलतसासऱ्यांइतका नावाजलेला कारागीर दिंद्रुडात झाला नाही, आणि त्यांच्याइतकी वाईट भाकरीही कुणी थापली नाही. जातीचे सोनार, पण खरा हात मोहरा कोरण्यात. परळीपर्यंतचे देशमुख आपल्या नावाची मोहर त्यांच्याकडूनच कोरून नेत. एवढ्यावर दुसरा कुणी समाधानानं बसला असता. हे मात्र उठून विहिरीत पोहायला शिकत, भजनात मृदंग बडवत, बायकांत बसून जात्यावर ओव्या म्हणत. विहिरीतून त्यांना बाहेर ओढावं लागलं, मृदंग फुटला, हौस फिटली नाही. म्हणत, "एकच काम करून माणूस त्याचं अवजार होतंय."

सासूबाई चिडवत, "भावजी, आता लुगडं नेसायचंच राहिलंय बगा."

"नेसंन की! पण वहिनी, तुमचं नगं. लई इटलंय."

मी माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. इथं माझ्या भाकरीची तारीफ झाली आणि तेवढंच काम माझ्या वाट्याला आलं. हळूहळू जोडाक्षरं विसरायला लागले. भीती वाटे, पण सांगणार कुणाला? पिठात बोटानं अक्षरं गिरवताना चुलतसासऱ्यांनी मला एकदा पाहिलं. लगेच सासूबाईंना म्हणाले, "जगाच्या मोहरा कोरतो, पण मला अक्षर वाचता येत न्हाई. दुपारी सून शिकवंल. सांजच्या भाकरी मी थापतो."

सासऱ्यांसमोर सुनेनं यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. मी दाराआडून भिंतीला अक्षर सांगायची, पाटीवर काढून उंबऱ्यापलीकडे सरकवायची. ते बघून बघून राखेत बोटानं लिहीत. चुकलेलं फटीतून दिसलं की मी बांगड्या वाजवायच्या. पहिल्या दिवशी बांगड्या थांबेचनात. ठसा सुलटा उमटावा म्हणून जन्मभर उलटं कोरलेलं. राखेतही प्रत्येक अक्षर उलटंच! शेवटी ओरडले, "अगं पोरी, कासाराचं दुकान फोडतीस काय?" मी तोंडात पदर कोंबून हसले. सासरी आल्यापासून पहिल्यांदा.

त्यांच्या भाकरीला कोपरे असत. घरातले पुरुष मुकाट्यानं चावत, आणि तेवढ्यात माझं पोथीचं एक पान वाचून होई. अक्षर सुलटं यायला त्यांना पावसाळा लागला. माझी अक्षरं मात्र तेवढ्यात परत आली.

पुढं त्यांचे डोळे गेले. कारागीर संपला म्हणून गाव हळहळलं. ते ओसरीवर बसून ओव्या म्हणत होते. एके दुपारी मधेच थांबून म्हणाले, "डोळं माझं गेल्यात, पोरी. तुझं हायती न्हवं? पोथी आण. मोठ्यांदा वाच."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा की. कावून थांबलीस?"

मी दाराबाहेर आले. माझा मोकळा आवाज घरानं तेव्हा प्रथम ऐकला. ते मधेच अडवून अर्थ विचारत. मला येत नसे. मग दोघं मिळून चुकीचा लावत असू आणि सासूबाई दोघांना हसत.

ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दुपारी काम आवरलं की मी अजून मोठ्यानं वाचते. आता कुणी अडवत नाही. तरी अवघड शब्द आला की मी जराशी थांबते.