दोन दिवसांत होणारे स्पीकर

शेवटच्या रविवारी मधुदादानं माझ्याकडे कांदाभजी मागितली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेला माणूस, आणि म्हणे, "बेबी, नुसता चहा नको. भजी कर. भरपूर कर." मी तोंडाचा पट्टा चालू ठेवून कांदे चिरले, बेसन भिजवलं, स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून एडिसनच्या त्या अमेरिकन थंडीत खिडकी उघडी टाकून अर्धा तास तळत उभी राहिले. आणि या गृहस्थानं खाल्लं किती? एक भजं! उरलेल्या ढिगाकडे बघून हसला नि गाडीची किल्ली घेऊन निघाला. मी दारातून ओरडले, "पुन्हा मागून तर बघ!" चारच दिवसांनी त्याचं हृदय बंद पडलं... पुन्हा मागायला आलाच नाही. याला सात आठवडे झाले, पण त्या भज्यांचा राग परवापर्यंत माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

दादा माझा थोरला भाऊ. रिटायर्ड इंजिनिअर, माझ्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर. आमची आई नागपूरला, नव्वदीची, आवाज अगदी बारीक झालेला. दर रविवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरवरून आम्ही दोघं तिच्याशी बोलायचो आणि त्यातले निम्मे शब्द वाटेतच गळायचे. मी म्हटलं, चांगले रेडीमेड स्पीकर ऑर्डर करते, उद्या दारात येतील. झालं! "रेडीमेड? आत नुसतं पोकळ प्लॅस्टिक असतं ग. आईचा आवाज ऐकायचाय ना तुला? किट आणतो, मी बनवतो. दोन दिवसांचं काम."

त्या दोन दिवसांचे चार महिने झाले. किटबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यानं न उघडता रिसायकलमध्ये टाकली, कारण म्हणे पुस्तिका इंजिनिअरांसाठी नसते. ती मीच गुपचूप काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग लाकडी खोकी चिकटवायला माझं डायनिंग टेबल आणि वर वजन म्हणून माझीच वीस-वीस पौंडांची कणकेची पोती. "हलवायची नाहीत हं, गोंद सेट होतोय." तीन दिवस आम्ही भात खाल्ला! एवढं करून स्पीकर लावले, तर आई विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. दादाचं मात्र पडलो तरी नाक वर. "नवे आहेत. शंभर तास वाजू देत, मोकळे होतील." अरे, आई नव्वदीची, आठवड्याला अर्धा तास बोलते, शंभर तास होणार कधी?

शेवटी मी रेडीमेड आणलेच. छोटेसे होते, टेबलावरच्या फळीवर जुन्या दिवाळी अंकांमागे दडवले. कॉम्प्युटरची वायर त्याच्या स्पीकरांतून काढून माझ्या स्पीकरांना लावली, त्याच्या स्पीकरांचा निळा दिवा तसाच जळत ठेवला. पुढच्या रविवारी आईचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. दादानं टेबलावर थाप मारली. "बघ! झाले की नाही मोकळे?" तिकडून आईही, "मधूच्या हातात लहानपणापासून कसब आहे हो." सहा महिने दर रविवारी हे कौतुक मी गिळलं! संताप व्हायचा. पुढच्या रविवारी सांगूनच टाकू म्हणायची, आणि त्याचा फुललेला चेहरा बघून गप्प बसायची. तो गेल्यावर हेच छातीवर येऊन बसलं. सख्ख्या भावाला मी फसवलं, आणि तो तसा फसलेलाच गेला.

परवाच्या रविवारी मी माझ्या स्पीकरांची वायर उपटली आणि त्याच्या स्पीकरांना जोडली. विहीर तर विहीर, आज दादाचेच वाजू देत. फोन लागला आणि, "बेबी, नाश्ता झाला का ग?" इतकं जवळून, इतकं स्पष्ट, की मी मागे वळून पाहिलं.

आईला थांबायला सांगून मी त्याचं खोकं फिरवलं. पाठीमागच्या वायरींना पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे, वर त्याच्या अक्षरात 'लाल' आणि 'काळी'. हे पूर्वी नव्हतं. ड्रॉवरमधली पुस्तिका काढली. एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या तर आवाज पोकळ येतो, हे तिच्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय! म्हणजे त्याला आपली चूक सापडली होती, त्यानं ती दुरुस्तही केली होती. पण कधी? मी त्याला त्या टेबलापाशी एकटं सोडलंच कधी... भजी तळताना. पूर्ण अर्धा तास. आणि खोकं फिरवून वायर लावून बघणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरची वायर दिवाळी अंकांमागे जाते हे दिसणारच. दिसलं, आणि त्यानं ती निमूट पुन्हा माझ्या स्पीकरांना लावून ठेवली. स्वयंपाकघरात आला, माझ्या शिव्या खाल्ल्या, एक भजं खाल्लं आणि घरी गेला.

"अरे, सांगायचं तरी ना!" मी त्या खोक्यावर ओरडले.

"कुणावर ओरडतेस ग?" आई म्हणाली.

"मधुदादावर."

दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मधून आईचा आवाज आला. "ओरड. माझ्याही वाटचं ओरड."